बुकवीचं बारसं

आमच्या गावात झाड लावणं ही लाजेची गोष्ट आहे. परसात सफरचंद लावा, आलुबुखार लावा, कोणी हूं की चूं करणार नाही. पण वर डोंगरात कुदळीनं खड्डा खणून त्यात बुकवीचं रोप ठेवताना एखादा गडी दिसला, तर त्याच्या बायकोला चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय उरायची नाही. बुकव म्हणजे आमच्या डोंगरातलं जंगली झाड, ती लावायची नसते, आपली आपण उगवते. पलीकडच्या खोऱ्यातले लोक लावतात म्हणे. आमचे पुरुष नासपतीची दारू दोन घोट पोटात गेली की त्यांच्यावर पोट धरून हसतात. माझ्याच खानावळीत हसतात, आणि त्यांचे पेले मीच विसळते, म्हणून सांगते.

आता बुकवीची रीत कशी, ते ऐका. चार-पाच वर्षं ती नुसती पानं काढते आणि गप्प बसते. मग एखादा उन्हाळा कडक गेला की पुढच्या वर्षी अख्खा डोंगर एकदम फुलतो, आणि पानगळीच्या दिवसांत एवढ्या बिया पडतात की चालताना पाय घसरतो. उंदीर खातात, डुकरं खातात, अस्वलं खातात, सगळ्यांची पोटं फुटायची वेळ येते तरी बिया संपत नाहीत. मधल्या उपाशी वर्षांत खाणारी तोंडं कमी झालेली असतात ना, म्हणून. उरलेलं बी रुजतं. आमचे लोक त्याच हिवाळ्यात वरची म्हातारी झाडं तोडतात, म्हणजे खाली ऊन पोचतं, ओंडके ओढताना बी मातीत दाबलं जातं, आणि वसंतात जमीन हिरवीगार होते. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून असंच चालत आलंय.

बियांच्या वर्षी पोल्हही माजतो. पोल्ह म्हणजे खारीएवढा, झुपकेदार शेपटीचा, काळ्या टपोऱ्या डोळ्यांचा रानउंदीर. बिया खाऊन तो लोण्यासारखा होतो, मग आमचे पुरुष त्याला सापळ्यात धरतात आणि मी त्याचं गुलाश, म्हणजे झणझणीत रस्सा, करते. या पोल्ह धरणाऱ्यांची मंडळी आहे. हिरव्या टोप्या आहेत, झेंडा आहे, अकॉर्डियन आहे, आणि अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे माझा धाकटा भाऊ बोगोमीर. लहानपणी अंधारात परसाकडे जायला माझा हात धरायचा, आता टोपी घातली की मला ओळख दाखवत नाही.

तर गेली काही वर्षं काय झालंय, की बुकव एक वर्षाआड फुलायला लागली. कधी सलग दोन वर्षं. मंडळींना तर आनंदाचं भरतं आलं. पूर्वी पाच वर्षांतून एकदा मेजवानी, आता उठसूट मेजवानी. गेल्या सप्टेंबरात बोगोमीरनं माझ्याच बाकावर चढून भाषण केलं. जग तापतंय म्हणून शहरातले लोक रडतात, म्हणाला, पण आमच्या बुकवीला मानवलंय. त्या उन्हाच्या नावानं सगळ्यांनी पेले उंचावले. लुडविकनं दोनदा उंचावले. हा लुडविक म्हणजे बोगोमीरचा लंगोटीयार, मंडळीचा खजिनदार, आणि गावातलं सगळ्यात लांब जीभ असलेलं माणूस. डोंगरातले जंगलाचे तुकडेही, आम्ही त्यांना उतार म्हणतो, दोघांचे एकमेकांना लागून.

तेवढ्यात आयदा आली. आयदा म्हणजे बोगोमीरची एकुलती एक मुलगी. परदेशात जंगलांचाच अभ्यास करून आली होती. तिकडची नोकरी सोडून. बापाचा उतार पुढं आपण बघायचा, एवढंच तिच्या मनात. हातात पातेलं होतं. ते तिनं टेबलावर पालथं केलं, बुकवीच्या बियांचा ढीग पडला, आणि एकेक तिकोनी बी चाकूनं चिरायला लागली.

"हे बघा. पोकळ. हे पण पोकळ. यात अळी. हे पोकळ. ही परत अळी."

"घेवडा सोलायला बसलीय की काय पोर," लुडविक म्हणाला.

"काका, उन्हाळा तापला की फुलायचं, ही झाडांची आपसातली खूण होती. आता प्रत्येकच उन्हाळा तापतो. मग कोणी या वर्षी फुलतं, कोणी पुढच्या. याचे पराग त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. टरफल तयार होतं, आत गर नाही. आणि दर वर्षी थोडं थोडं खायला मिळाल्यावर अळीनं मरायचं कशाला?"

"म्हणजे नवरी नटून बसली आणि वऱ्हाडच आलं नाही."

"तसंच म्हणा."

"मग बिचाऱ्या बुकवीलाच का नावं ठेवायची? आपल्या गावात काही पोरींचंही तसंच चाललंय."

सगळे खो खो हसले. आयदा एकतीस वर्षांची आहे आणि तिनं लग्न केलेलं नाही, हा आमच्या पुरुषांचा हक्काचा विनोद. मी लुडविकच्या पुढ्यातलं गरम सूप उचललं आणि सकाळचं गार आणून ठेवलं. त्यानं ते मुकाट्यानं प्यायलं, कारण जीभ लांब असली तरी मला तो वचकून असतो.

बोगोमीर मात्र हसला नाही. त्यानं ढिगातनं एक बी उचललं, नखानं सोललं, आणि आतला पांढरा गर सगळ्यांना फिरवून दाखवला. "हे काय आहे? गर आहे ना? झालं तर मग." आणि तो गर तोंडात टाकून चावून खाल्ला. अख्ख्या पातेल्यात धड निघालेलं ते एकच बी होतं. टाळ्या पडल्या.

आयदानं चाकू पुसला. "बाबा, एक वर्ष थांबा. एवढंच मागतेय. वरची झाडं या हिवाळ्यात तोडू नका."

"म्हातारी झालीत ती. आतनं पोखरायला लागलीत. मी तोडली नाहीत तर तुझ्या नशिबी काय, सडके ओंडके? तुझ्यासाठीच करतोय ना मी. तुला कोवळं जंगल हातात द्यायचंय मला."

हे तो खोटं बोलत नव्हता. त्याचा जीव खरोखरच त्या उतारात आणि त्या पोरीत आहे, दुसरीकडे कुठं नाही. पण भर मंडळींसमोर स्वतःच्या पोरीनं थांब म्हटल्यावर थांबेल तो अध्यक्ष कसला? एकट्यात सांगितलं असतंस तर ऐकलं असतं गं, असं मी तिला नंतर म्हटलं. "आत्या, एकट्यात तीनदा सांगितलं," ती म्हणाली.

ऑक्टोबरात मंडळी सापळे घेऊन जंगलात गेली. परत आली ती तोंडं लांब करून. सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पोल्ह, तेही मरतुकडे, चामडी आणि हाडं. चंद्राला दोष दिला, सापळ्यांच्या स्प्रिंगांना दोष दिला, शेवटी अस्वलाला दिला. मेजवानीचं आमंत्रण तर गेलेलं. मग मी काय करणार, डुकराचं मांस बारीक चिरलं, तमालपत्र आणि लाल मिरचीपूड सढळ हातानं घातली आणि वाढलं. लुडविकनं बोटं चाटली. म्हणाला, यंदाच्या पोल्हाला काय चव आहे, बियांचा वास लागतोय नुसता. मी म्हटलं, हो ना, बियाच खाल्ल्यात त्यानं. बोगोमीरनं माझ्याकडे पाहिलं आणि पाव मोडण्यात गुंतला.

डिसेंबरात त्यानं तोडायला सुरुवात केली. रीतीप्रमाणे मध्ये मध्ये काही मोठी झाडं राखायची असतात, पुढच्या बियांसाठी. यानं कडेची चार-दोन ठेवली आणि मधला उतार साफ केला, इतकी त्याला खात्री. करवतीचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर यायचा. एकेक झाड पडलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आयदा तेव्हा माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आली होती. एकदा जेवताना झाड पडलं आणि ती म्हणाली, "हे खिंडीतलं मोठं झाड होतं," आणि ताट सारून उठून गेली. मला बोगोमीरचा असा राग आला की त्या दिवशी त्याला मी दारातनंच परत पाठवला.

वसंत आला. बर्फ वितळलं, माती उघडी पडली, आणि उतारावर बुकवीचं एक रोप दिसेना. बुकवीचं तान्हं रोप कोणालाही ओळखू येतं, दोन जाड गोल पानं, उघडलेल्या पंख्यासारखी. पूर्वी असल्या वर्षानंतर पाय ठेवायला जागा मिळायची नाही. आता बोगोमीर रोज सकाळी चष्मा लावून वर जायचा आणि गुडघ्यावर बसून माती चाचपायचा. खालनं पाहिलं की वाटे, म्हाताऱ्याचं नाणं हरवलंय. काटेरी झुडपं मात्र जोरात वाढत होती, ऊन मिळालं होतं ना त्यांना.

"अजून थंडी आहे वर," तो मला सांगायचा.

"बरं," मी म्हणायची.

"या वर्षी उशीर होणार."

"होऊ दे की."

लुडविकला विचारलं तर म्हणायचा, आमच्या उतारावर ठीक आहे सगळं, मस्त आहे. पण चल दाखव म्हटलं की त्याची कंबर धरायची. सगळ्यांचंच तसं. पूर्वी रोपं आली की गडी एकमेकांना ओढत न्यायचे बघायला. यंदा जो तो आपल्या उताराबद्दल छान छान बोलायचा आणि कोणी कोणाला वर नेत नव्हता. मला वाटलं, तोडणीनं थकलेत.

आणि बारसं जवळ आलं. बियांच्या वर्षानंतरच्या मे महिन्यात एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मंडळी झेंडा घेऊन उतारावर जाते, रोपांमध्ये चादरी पसरते, हॅम आणि पाव खाते, आणि अध्यक्ष नव्या जंगलाच्या नावानं वाइन पितो. मी त्याला बारसं म्हणते, ते काहीतरी भारदस्त नाव घेतात. यंदाचं बारसं अध्यक्षांच्याच उतारावर, हे त्यानंच हिवाळ्यात जाहीर केलं होतं. पोरीला दाखवायचं होतं ना.

त्या आठवड्यात एका पहाटे बोगोमीर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून कुठंतरी गेला. परत आला तेव्हा ट्रॉलीवर ताडपत्री. शनिवारी जेवायला आला नाही म्हणून मी डबा घेऊन वर गेले. दिवस मावळत होता. उतारावर माझा भाऊ, अध्यक्ष, ओणवा होऊन कुदळीनं खड्डे खणत होता. मागं हिरवी रोपं उभी होती.

"हे काय आहे?"

त्यानं दचकून वर पाहिलं. "बुकव."

"गुडघ्याएवढी?"

"ऊन चांगलं लागलं."

"आणि ही अशी ओळीत?"

त्यानं मागं वळून पाहिलं. मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. बापड्यानं जन्मात काही लावलं असेल तर बटाटे आणि घेवडा. हातानं सवयीनं काम केलं होतं. एका ओळीखाली दुसरी ओळ, सगळा उतार परसासारखा दिसत होता.

"ताई, उद्या काही बोलू नकोस," तो म्हणाला.

त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. वर्षभर मी त्याला सुनावायची वाट बघत होते, शब्दही तयार होते, पण ते हात बघून गिळून टाकले. डबा ठेवला आणि उतरले.

रविवारी मंडळी आली. टोप्या, झेंडा, अकॉर्डियन, सगळा सरंजाम. वळणावर आले आणि त्यांना उतार दिसला, तशी अकॉर्डियन थांबली. मी हॅमची टोपली घेऊन मागंच होते. म्हटलं, आता लुडविकची जीभ सुटणार आणि माझ्या भावाची गावभर धिंड निघणार.

लुडविक वाकला. एका रोपाचं पान चिमटीत धरलं, अंगठा पानाच्या कडेवरनं फिरवला, आणि अंगठा तिथंच थांबला. मीही तेव्हा वाकून पाहिलं. बुकवीच्या पानाची कड मऊ असते, लव असलेली. या पानाला करवतीसारखे बारीक दात होते. आमच्याकडे शेळीसुद्धा ओळखेल, ते गाबर होतं. दिसायला बुकवीसारखं, पण सरपणाचं झाड. बुकवीची सर त्याला कधी यायची?

"झकास बुकव," लुडविक म्हणाला.

"झकास," मागचा म्हणाला.

"वाढ बघ काय आहे. महिन्याभरात."

"ऊन हो. ऊन मिळालं की अशीच वाढते."

"आणि ओळी कशा पडल्यात. ओंडके सरळ ओढले असणार बोगोमीरनं."

एकानंही चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. इतकी वर्षं यांना पेला भरून देतेय, पण एवढे शहाण्यासारखे वागताना कधी पाहिले नव्हते. चादरी पसरल्या. बोगोमीरनं वाइनचा पेला हातात घेतला.

आणि खालनं आयदा आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती ओळींमधनं चालत आली, मध्ये एका रोपापाशी बसली, पान उलटं करून पाहिलं. सगळ्यांचे घास तोंडात तसेच राहिले.

"बाबा, हे गाबर आहे."

"पोरी, आजच्या दिवशी तरी," लुडविक म्हणाला. आवाज अगदी मवाळ.

"असू दे, लुडविक," बोगोमीर म्हणाला. पेला त्यानं गवतात ठेवला. "गाबरच आहे. बुकव नव्हती त्यांच्याकडे."

"कोणाकडे?"

"खालच्या रोपवाटिकेत. मी बुकवच मागितली. तिथली बाई म्हणाली, कुठल्या गावचे? मी सांगितलं. तर ती इतकी खूश झाली, खुर्चीच दिली मला बसायला. म्हणाली, मग बी आणलंत का? आमचं बुकवीचं बी तुमच्याच गावचं असतं. तुमच्या खिंडीतल्या मोठ्या झाडांचं. आठवतं, त्या झाडांखाली बी गोळा करायला जाळ्या पसरणारी माणसं यायची, आपण हसायचो त्यांना. तेच बी. पलीकडच्या खोऱ्यातली सगळी जंगलं आपल्या बियांची आहेत." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "बाई म्हणाली, अलीकडं बी फोल येतंय, पण ती झाडं जुनी आहेत, दमदार आहेत, एखाद्या वर्षी नक्की भरतील. तोवर तेवढी जपा म्हणाली."

"तुम्ही काय म्हणालात?" आयदानं विचारलं.

"जपतो म्हणालो."

खिंडीतली ती झाडं त्यानंच डिसेंबरात पाडली होती. आयदा बापाकडे बघत होती. ती ओरडेल, निघून जाईल, असं मला वाटलं. ती आली आणि त्याच्या शेजारी चादरीवर बसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. तो मात्र मान वर करून तिच्याकडे बघू शकला नाही.

मग लुडविकनं टोपी काढली. ती हातात फिरवत, झेंड्याच्या काठीकडे बघत तो म्हणाला, "बोगोमीर, गाबर शिल्लक होतं का अजून तिच्याकडे?"

मी बाकीच्यांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी कोणी हसेल. एकजण हसला नाही. सगळे बोगोमीरच्या तोंडाकडे बघत होते, आणि तो काय सांगतो यासाठी त्यांचे कान टवकारलेले होते.

"आहे थोडं," बोगोमीर म्हणाला. "पण जाल तेव्हा ती बियांचं विचारेल. काय सांगायचं ते आधी ठरवून जा."